चौथ्या बांधाची हाळी

आप्पा, परवा घराला कुलूप लावताना मी हाळी दिली.

तेरावा उरकून पाव्हणे आपापल्या वाटेला लागले होते. विलास खाली गाडी काढत होता, तुमची नात सई जिना उतरून गेली होती. मी चपला घातल्या, कडी ओढली आणि तोंडातून निघून गेलं, "आत कोन हाय का?" थेट तुमच्या आवाजात, शेवटी चढवायचा तो हेलसुद्धा तुमचाच. समोरच्या काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. हसल्या की रडल्या ते कळलं नाही. मी कुलूप न लावता परत आत आले आणि चारही खोल्या बघितल्या. कुणी नव्हतं. तुमचा पलंग होता, त्यावरची गादी उचललेली होती.

तुम्ही शिरूरला माझ्याकडे राहायला आल्यापासून सहा वर्षं मी हे रोज ऐकलं. कोपऱ्यावरून दूध आणायचं असलं तरी बाहेर पडण्याआधी तुम्ही प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहून विचारायचात. मोरीचं दार ढकलून बघायचात. एकदा विलास आत अंघोळ करत होता. "आहे, आप्पा, जिवंत आहे," असा त्यानं आतून आवाज दिला आणि सई हसून हसून जमिनीवर बसली. ती म्हणायची, "आप्पा, घरात आपण चौघं, चौघंही बाहेर उभे आहोत, मग विचारता कुणाला?" तुम्ही म्हणायचात, "असू दे की. इचारायला काय जातंय?"

त्यांना वाटायचं, म्हातारपणाचा चाळा. मला मात्र दर वेळी संताप यायचा. खोटं कशाला लिहू, दया आली नाही कधी. जिथं विचारायचं तिथं विचारलं नाहीत आणि आता माझ्या फ्लॅटच्या मोरीला विचारताय, असं जिभेच्या टोकावर यायचं. दोनदा बोलूनही गेले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी परत विचारलंत.

आता तुम्ही नाही, तर एकदा ते सगळं सरळ लिहून काढते. काही चुकलं तर "तसं न्हाई गं, वैशे" म्हणायला तुम्ही नाही, एवढी एक अडचण आहे.

मी दहा वर्षांची होते. पाटस आणि वरवंडच्या मधली आपली वस्ती, कालव्याच्या कडेला. दोन एकर ऊस उभा होता आणि त्याला तुरे आले होते, म्हणजे वजन घटायला लागलं होतं. तोडणीची टोळी आपल्याच विहिरीजवळ कोप्या घालून उतरली होती, पण ती कापत होती दुसऱ्यांचा ऊस. कुणाचा नंबर कधी, हे ठरवणारा कारखान्याचा चिटबॉय हा माधवकाकांचा साडू. आणि माधवकाका तुमचे सख्खे चुलतभाऊ, म्हणजे सख्खे वैरी. त्यांनी बांध कोरला की तुम्ही, यावरून तीन वर्षं अबोला होता. तुमचा नंबर यायला आला की पुढं सरकायचा. तुम्ही रोज उसाकडं बघून यायचात आणि आईवर खेकसायचात.

यावर आपल्याकडं एक इलाज आहे. सगळ्यांना ठाऊक आणि कुणीच कबूल न करणारा. ऊस पेटवून द्यायचा. जळालेला ऊस ठेवून चालत नाही, त्यामुळं तो रांग मोडून आधी तोडतात. टोळीलाही पाला नसला की कापायला बरं पडतं. मात्र शेतकऱ्यानं स्वतः पेटवला हे वर कळता कामा नये; तार चिकटली, ठिणगी पडली, असं सांगायचं.

पण या चोरीलाही एक रीत आहे, आणि ती तुम्हीच मला शिकवली होती. काडी लावायच्या आधी चारही बांधांवरून चालत जायचं आणि प्रत्येक बांधावर तीनदा हाळी द्यायची. आत टोळीतली बाई आडोशाला गेलेली असेल, लेकरू असेल, सावलीला पडलेलं कुणी असेल. "माणसानं जाळावं, पर इचारून जाळावं," असं तुम्ही म्हणायचात.

त्या दिवशी दुपार कलल्यावर आपण दोघं निघालो. मी तुमच्या मागं. घराकडच्या बांधावर तुम्ही हात तोंडापाशी धरून ओरडलात, "आत कोन हाय का? भाईर या, ऊस पेटिवतोय!" तीनदा. मग कालव्याच्या बाजूनं, तीनदा. रस्त्याच्या बाजूनं, तीनदा. तिथले सगळे आपलेच, ऐकून न ऐकल्यासारखं करणारे. चौथा बांध माधवकाकांचा. पलीकडं त्यांच्या बायका कांदा खुरपत होत्या. हाळी दिली असती तर संध्याकाळपर्यंत कारखान्यात बातमी गेली असती. चौथ्या बांधावर आपण गप्प राहिलो. वळसा घालून घराकडं आलो आणि तुम्ही काडी ओढली.

केसरबाई त्याच बाजूनं आत शिरली होती. बीडकडची, टोळीतली. माझी वेणी तीच घालायची. एका मांडीला मी, दुसऱ्या मांडीला तिची लेक मंदा, आणि तेलाची वाटी आपल्या घरची. दोन दिवस तिला ताप होता. मुकादमाच्या नजरेला पडू नये म्हणून कोप्यांपासून लांबच्या बाजूला, उसाच्या सावलीत जाऊन पडली होती.

ऊस पेटला की त्याचा एवढा आवाज होतो की माणसाचा आवाज त्यात कळत नाही. आधी तुम्हालाच कळला. तुम्ही आत पळालात. हेही लिहिलं पाहिजे, कारण तेही खरं आहे. कोपरापर्यंत दोन्ही हात भाजून घेतलेत आणि तिला उचलून बाहेर आणलंत. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या दवाखान्यात तिनं जीव सोडला.

पेटवला हे आता लपणार नव्हतंच. प्रश्न एवढाच उरला की हाळी दिली होती का. तुम्ही म्हणालात, चारी बाजूंनी. माधवकाका म्हणाले, आमच्या बाजूला आम्ही काहीच ऐकलं नाही. लोक म्हणाले, ते तसंच बोलणार, भावकी आहे. मग हवालदारानं मला ओट्यावर बसवलं. "पोरगी खोटं बोलायची न्हाई," असं कुणीतरी म्हणालं. कुणाला माहीत की त्याच दिवशी सकाळी तुम्ही मला गोठ्यात नेलं होतंत आणि दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली असताना माझ्यापुढं उकिडवं बसून म्हणाला होतात, "चारी बाजूंनी म्हन. बोलाया न्हाई आलं तर चार बोटं दाखीव."

मला बोलायला आलं नाही. मी चार बोटं दाखवली.

तुम्ही सुटलात. ठरलं असं की हाळी रीतीप्रमाणे दिली होती, बाईच बाहेर आली नाही. कुणी म्हणालं प्यायली होती, कुणी म्हणालं ऊस चोरायला गेली होती. टोळीनं कोप्या मोडल्या. मंदा गाडीत मागं बसून गेली, तिची वेणी तशीच दोन दिवसांची. आणि गावातल्या बायकांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला की लेकीनं बापाला वाचवलं.

त्यानंतर तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नाहीत. मागेन ते आणलंत, बारावीपर्यंतच नाही, पुढंही शिकू दिलंत. पण आप्पा, तुम्ही म्हणालात आज पाऊस येईल, की मी आधी आभाळ बघायची. तुम्ही म्हणालात जेवलोय, की मी ताट बघायची. मी लॅबचं शिक्षण घेतलं ते काही आवड होती म्हणून नव्हे. माणूस काय सांगतो ते ऐकायची गरज नाही, नळीतलं रक्त बघायचं आणि लिहायचं, हे मला फार बरं वाटलं. लग्न होऊन शिरूरला आले आणि माहेरी गेले ती फक्त आईसाठी. विलासला हे सगळं मी लग्नानंतर आठ वर्षांनी सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना बोलवून घे इकडं, नाहीतर तू अशीच राहशील."

मी ऐकलं नाही. आई गेल्यावर तुम्ही वस्तीवर एकटे पडलात, डोळ्यांनी कमी दिसायला लागलं, शुगर वाढली, तेव्हा आणलं. प्रेमानं आणलं म्हणणार नाही. लोक नावं ठेवतील म्हणून आणलं.

पहिले काही महिने आपण पोलीस आणि आरोपीसारखे राहिलो. मी रक्त घ्यायची, तुम्ही म्हणायचात, "गोडाला हात लावला न्हाई." रिपोर्ट वेगळंच सांगायचा. एक दिवस मी कागद तुमच्या पुढं आपटला. "रक्त खोटं बोलत नाही, आप्पा." तुम्ही कागद डोळ्यांजवळ नेलात, लांब धरलात. "काय लिव्हलंय?" म्हणालात. मी वाचून दाखवलं. तुम्ही मान खाली घालून बसलात, आणि मला वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

त्यानंतर काय झालं ते तुम्ही कधी बोलला नाहीत, पण तुमचं खरं बोलणं सुरू झालं. आणि ते असलं सुरू झालं की डोक्याला ताप! मी दारातून आत पाऊल टाकते न टाकते तोच तुम्ही सुरू. "वैशे, देवळात दोन पेढे खाल्ले. एक दिला म्हनून, एक न इचारता उचलला." "सईला म्हनलो पेपर वाचतोय, पर झोपलो व्हतो." "समोरच्या काकूंनी केलेली भाजी ग्वाड हाय म्हनलो, पर नव्हती." ते काकूंच्या समोर सांगितलंत, म्हणून आठवडाभर त्या बोलत नव्हत्या. विलास म्हणायचा, तुझ्या वडिलांना थोडं तरी खोटं बोलायला शिकव, सोसायटीत राहायचंय आपल्याला.

मी हसायची नाही. मी तपासायची. तुमचे खिसे, देवळातला पुजारी, महिन्याचा रिपोर्ट, तीन महिन्यांचा रिपोर्ट. वर्षभर तपासलं. दर वेळी तुम्ही सांगितलेलं आणि रक्तातलं जुळायचं. मग कधीतरी मी एकदा रक्त घ्यायला विसरले. त्याच्या पुढच्या महिन्यात परत विसरले. सईला तुमच्याबरोबर घोड नदीवर पाठवलं आणि घरी निवांत कणीक मळत बसले. मळून झाली तेव्हा लक्षात आलं की आपण एकदाही खिडकीतून वाकून बघितलं नाही. विश्वास बसला असं तेव्हा म्हणवलं नसतं. आज म्हणते.

एकाच गोष्टीनं तो परत हलायचा. महिन्यातून एका मंगळवारी तुम्ही दौंडची एसटी पकडायचात.

"कुठं?"

"दौंडला."

"कशाला?"

"काम हाय."

"काय काम?"

"ते न्हाई सांगत." आणि माझं तोंड बघून पुढं म्हणालात, "सांगायचं नसलं की मी गप ऱ्हातो, वैशे. खोटं न्हाई सांगत आता."

माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगायला लाज वाटते. दारू, जुगार, त्या वयात बाईसुद्धा. संध्याकाळी तुम्ही परत यायचात, बोटांना हिरवा डाग, गवारीचा वास. मला वाटायचं, कुठल्या तरी भाजीवाल्याच्या दुकानात जाऊन बसतात.

आपलं शेवटचं भांडण आठवतं ना? तुम्ही बाल्कनीत वालाच्या शेंगा सोलत होतात. मी परत तोच विषय काढला. केसरबाईच्या माणसांना शोधा आणि सांगा, की चौथ्या बांधावर हाळी दिली नव्हती. एवढं केलंत तर माझं तुमच्याकडं काही मागणं नाही. एकोणीस वर्षांची असल्यापासून मी हे म्हणत आले होते आणि तुमचं उत्तरही ठरलेलं होतं.

"सांगून काय? ती येनार हाय का माघारी?"

"ती नाही येणार. पण ती झोपून राहिली, चोरायला गेली, हे तरी पुसलं जाईल."

तुम्ही थोडा वेळ सोलत राहिलात. मग म्हणालात, "तुझी जबानी हाय त्यात. तू आता लोकांच्या रिपोर्टावर सही करतीस. ल्हानपनी खोटी साक्ष दिली म्हनत्याल."

माझ्या अंगाची आग झाली. "माझ्या पदराआड लपू नका, आप्पा. तुमची हिंमत नाही म्हणा सरळ. तुम्ही मरालसुद्धा खोटेच."

तुम्ही वर बघितलंत. वाटलं, आता काहीतरी बोलाल. तुम्ही ताटलीतल्या दोन शेंगा उचलल्यात आणि म्हणालात, "ह्या किडक्या निघाल्या गं."

सहाव्या दिवशी सकाळी चहा गार झाला तरी तुम्ही उठला नाहीत.

मी तुमच्याशी बोलले ते शेवटचं वाक्य ते नव्हतं. मधल्या पाच दिवसांत गोळ्या घेतल्या का, स्वेटर घाला, असलं बरंच बोलले. पण मला ऐकू येतं ते तेवढंच. ताट वाढताना येतं, लॅबमध्ये नळीवर नाव चिकटवताना येतं. तुमच्या तोंडात पाणी घालताना आलं होतं.

तिसऱ्या दिवशी घरी माणसं बसलेली असताना एक बाई आली. माझ्याच वयाची, अंगानं बारीक, हातात स्टीलचा डबा. आपल्याकडं मयताच्या घरी शेजारपाजारचे घास घेऊन येतात, तशी पिठलं-भाकरी घेऊन आली होती, पण शिरूरात मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तुमच्या फोटोपुढं उभी राहिली. नमस्कार केला नाही, रडली नाही. मग माझ्यापाशी येऊन हळू म्हणाली, "म्या मंदा. केसरची. दौंडला असते, टेशनामागं. दिवस झाले की डबा द्यायला या." आणि गेली. माझ्या हातातला डबा कोमट होता. त्या दिवशी घरात कोण काय बोलत होतं ते मला काहीच आठवत नाही.

डबा रिकामा देत नाहीत. परवा तो घासून पुसून पुढ्यात घेतला आणि बसून राहिले. साखर टाकवेना. शेवटी शेंगदाणे टाकले आणि काल दौंडची एसटी पकडली.

चौफुल्याच्या अलीकडं कुणाचा तरी ऊस पेटला होता. लोकांनी भराभर काचा ओढल्या तरी काजळी आत आलीच. माझ्या शेजारची म्हातारी साडीवरची काजळी झटकत म्हणाली, "जाळायला काय, काडी लावली की झालं." मला त्या धुरातून ओरडावंसं वाटलं. गाडी थांबली नाही, मीही ओरडले नाही. डबा मात्र मी दौंड येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

मंदा पोळी-भाजीचे डबे करते. एक खोली, तिच्यात दोन शेगड्या, परातीत कणकेचा डोंगर. मला पाट दिला आणि लाटता लाटताच बोलायला लागली. मी काही विचारायच्या आधीच.

"तीन वर्सं झाली. तुमचे आप्पा मुकादमांना इचारत इचारत आले. त्या उंबऱ्यावर बसले, आत न्हाई आले. म्हनले, पोरी, चौथ्या बांधाला म्या हाळी दिली न्हाई. तुझी आई ऐकून पडून ऱ्हायली न्हाई. हाळीच नव्हती."

माझ्या हातातून डबा खाली ठेवला गेला.

"म्या हाकललं," ती म्हणाली. "लाटनं फेकून मारलं, खरं सांगते. फुडच्या म्हयन्याला परत आले. परत हाकललं. परत आले. माफी न्हाई मागितली कवाच. नुसतं बसायचं. पाचव्या बारीला म्या म्हनले, बसताच हाय तर गवार तरी निवडा." तिनं पोळी तव्यावर टाकली. "ताई, माझा बाप मरंस्तवर आईला शिव्या द्यायचा. म्हनायचा, आळशी बाई, हाळी ऐकून बी उठली न्हाई, माझ्या लेकराला उघड्यावर टाकून गेली. म्या बी तेच धरून बसले व्हते. माझ्या आईचा मला राग व्हता, बगा. तीस वर्सं. त्यो तुमच्या आप्पांनी काढला."

तीन वर्षं, आप्पा. बाल्कनीत शेंगा सोलत असताना तुम्ही हे सांगून तीन वर्षं झाली होती. मी तुमचं सगळं बोलणं परत आठवून बघितलं. सांगितलं नाही, असं तुम्ही एकदाही म्हणाला नव्हतात. सांगून काय, एवढंच विचारलं होतंत. मी तुम्हाला खोटे मराल म्हणाले आणि तुम्ही मला किडक्या शेंगा दाखवल्यात. एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं? मला तिथं बसल्या जागी तुमचा इतका राग आला आणि तुमच्या पायावर डोकं ठेवावं असंही वाटलं. पाय आता नाहीत. घोड नदीत तुमची राख मीच सोडली.

का बोलला नाहीत, ते मंदाच्या पुढच्या वाक्यात कळलं.

"आन् तुमचं बी सांगितलं. म्हनले, माझ्या पोरीला दोष देऊ नगं. ती त्या दिशी साळंत व्हती. तिनं काय बगितलंच न्हाई. म्याच घोकून घेतलं तिच्याकडनं."

मी शाळेत नव्हते. इतकी वर्षं पेढ्यापेढ्याचा हिशोब खरा देणाऱ्या माणसानं एक खोटं शिल्लक ठेवलं होतं, आणि ते माझ्यासाठी. मला हे कळलं असतं तर मी गप्प बसले नसते, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून दौंडला कशाला जाता ते मला कळू दिलं नाहीत.

गप्प बसणं सोपं होतं. मंदानं माझ्यापुढं चहा ठेवला होता. दुपारची गाडी मिळाली असती. तुम्ही माझ्यासाठी वाट करून ठेवली होती, मी फक्त तिच्यावरून चालत जायचं होतं.

"मी होते," मी म्हणाले. "शाळेत नव्हते. आप्पांच्या मागं होते, चारही बांधांवर."

लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपायला लागली तरी तिनं उलटली नाही. इतका वेळ ती मला ताई, तुम्ही म्हणत होती.

"तू व्हतीस?" ती म्हणाली. "मंग तू का न्हाई हाळी दिली?"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. हवालदारानं नाही, आईनं नाही, तुम्ही तर नाहीच. सगळ्यांनी, आप्पांनी हाळी दिली का, एवढंच विचारलं. पोरीच्या तोंडातही आवाज असतो, हे त्या माउलीच्या लेकीला सुचलं.

आप्पा, हे मी आईला सांगितलं नाही, विलासला सांगितलं नाही, आणि आपण दोघं एका घरात सहा वर्षं राहिलो तरी तुमच्याशीही बोलले नाही. चौथ्या बांधावर मी तोंड उघडलं होतं. रीत मला पाठ होती. "आत" एवढा शब्द बाहेर आलाही होता. मग तुमचा हात आला. तोंडावर गच्च, नाकावरसुद्धा. तंबाखूचा वास, घामाचा वास. बांध संपेपर्यंत तुम्ही तो काढला नाहीत. मी तुमच्या मनगटाला चावले. तुम्ही हूं का चूं केलं नाहीत. पुढं ते मनगट भाजलं आणि चावल्याची खूण त्या डागांत गेली.

एवढं सांगितलं असतं तर मी सुटले असते. आणि ते खरं होतं, शंभर टक्के खरं. खरं बोला म्हणून तुमच्या मागं लागण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. मंदा माझ्या तोंडाकडं बघत होती.

"मला सुचलं नाही," मी म्हणाले.

करपलेली पोळी तिनं बाजूला टाकली, दुसरा गोळा घेतला.

"धा वर्साची पोर," ती म्हणाली. "कसं सुचंल. माझ्या लेकीला बी सुचलं नसतं." आणि पिठाचा हात तसाच माझ्या पाठीवर ठेवला. मी रडले, आप्पा. तुम्ही गेलात त्या दिवसापासून पहिल्यांदा. तिला वाटलं, मी सुटले म्हणून रडतेय.

निघताना म्हणाली, मंगळवारी गवार येते, निवडायला माणूस लागतं. मी येते म्हणाले.

ही जबानी मला कुणी शिकवली नव्हती. कुणी गोठ्यात नेलं नव्हतं. तुम्ही मला त्या बांधावरून उचलून शाळेत बसवलंत, आणि मी माझ्या तोंडावरचा तुमचा हात जबानीतून काढून टाकला. तुमच्यावर विश्वास ठेवायला मला इतकी वर्षं लागली, आणि तो बसला त्याच दिवशी आपण दोघं मिळून त्या बाईशी अजून एकदा खोटं बोललो. चूक केली हे मला कळतं. तुमच्यावर माझी माया आहे हेही मला कालच कळलं, आणि ते तुम्हाला सांगायला उशीर झाला.

मंगळवारी मी दौंडला जाणार आहे. तिच्या उंबऱ्यावर बसून गवार निवडणार आहे, आणि कधीतरी मला तिला तो हात सांगावा लागेल. किती मंगळवार लागतील, ठाऊक नाही. तुम्हाला तीन वर्षं पुरली नाहीत.